टाकीतला खेकडा

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, माझी शाळा आठवीतच सुटली आणि शब्दही साधेच येतात.

बेळ्ळंदूरला एका मराठी सरांच्या बंद फ्लॅटमध्ये मी समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी सांभाळतो. सर परदेशात असतात. मासे सोडण्याआधी अशी टाकी मुरायला महिने लागतात, तोवर आत नुसतं खारं पाणी आणि समुद्रातून आणलेले दगड. त्या दगडांतून एक खेकडा आपसूक आला. मी कामाला आहे त्या शोभेच्या माशांच्या दुकानातले अण्णा म्हणाले, "काढून टाक, पुढे मासे खाईल." मी काढला नाही. दुकानात सगळे कन्नड बोलतात आणि खोलीवर मी एकटाच. रोज पाणी तपासताना मी त्या खेकड्याशी मराठीत बोलायचो. काय जेवलो, घरून फोन आला नाही, असलं काहीबाही.

परवा सरांचा फोन आला. "टाकीत अजून मासे नाहीत ना रे?"

"नाहीत, सर."

"मग रोज कुणाशी बोलतोस?"

भिंतीवरच्या कॅमेऱ्यात आवाजही जातो, हे मला माहीतच नव्हतं. वाटलं, गेलं काम.

"खेकड्याशी," मी म्हणालो.

सर हसले नाहीत. "नागपूरला आई एकटीच असते. टाकी बघत बसेल म्हणून कॅमेरा तिच्या फोनवर जोडून दिलाय. ती म्हणते, त्या पोराला जरा मोठ्याने बोलायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खेकड्याकडे पाठ केली आणि कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "आजी, चहा झाला का?" तिकडचा आवाज इकडे येत नाही. तरी थोडा वेळ थांबलो.