पाहुण्याला फिरवायची पाळी

तवारिस : तुमच्या कोचनी तर स्टेकच्या हॉटेलात नेणार म्हणून सांगितलं होतं. हे पेट्रोल पंपाला चिकटलेलं आहे.

लेलँड : स्टेकवाला सोमवारी बंद असतो.

तवारिस : आज मंगळवार आहे.

लेलँड : मग मंगळवारी बंद असतो. बस. इथे डुकराच्या मांसाचं सँडविच मिळतं, पावाबाहेर चार बोटं लोंबतं. तेवढं एक बरं असतं. कॉफी घेऊ नकोस.

तवारिस : आणि तो कत्तलखान्याकडून आणलेला रस्ता? नकाशावर तर कॉलेजपासून सरळ येता येतं.

लेलँड : सरळ रस्त्यावर काम चालू आहे. वास आवडला नसेल तुला. उन्हाळ्यात याच्या दुप्पट येतो. वारा दक्षिणेकडचा असला की थेट जिममध्ये.

तवारिस : माझे वडील वीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात आहेत. मला घरी आल्यासारखं वाटलं.

लेलँड : हिवाळ्यात कळेल. जानेवारीत सामन्यांना बसने जातो आम्ही, एकेका बाजूने नऊ तास. विमानबिमान विसर. आणि आयोवातला वारा कोट बघत नाही, हाडं बघतो.

तवारिस : गड्या, एक विचारू? या महिन्यात मी बास्केटबॉलसाठी चार कॉलेजं बघितली. सगळीकडे रीत एकच. संघातला एक पोरगा पाहुण्याबरोबर देतात, तो गाव दाखवतो, खाऊ घालतो, गोडवे गातो. पाहुण्याला हाकलणारा तू पहिलाच भेटलास.

लेलँड : हाकलत नाही. खरं ते सांगतोय.

तवारिस : मग सगळंच खरं सांग. काय खुपतंय तुला?

लेलँड : काही नाही. किती देतायत तुला?

तवारिस : कुणाला सांगू नको म्हणालेत.

लेलँड : वर्षाचे दीड लाख डॉलर. माझे केस कापणाऱ्या बाईनेच सांगितलं मला.

तवारिस : मग मला कशाला विचारतोस?

लेलँड : तुझ्या तोंडून ऐकायला. मी चार वर्षं आहे इथे. पहिलं वर्ष बाकावर गेलं. दुसऱ्या वर्षी गुडघा फाटला, तेव्हा घरी बसून सामने ऐकले. नंतरची दोन वर्षं एकही सामना चुकवला नाही. आणि मिळालं काय, तर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याने जाहिरातीत उभं केलं, त्याचे चार टायर. हिवाळ्याचे.

तवारिस : टायर?

लेलँड : तेच टायर लावलेल्या गाडीतून आलास तू.

तवारिस : पैसे मागितले होतेस कधी?

लेलँड : आमच्या घरी मागत नाहीत. बाबा म्हणतात, करणाऱ्याचं काम दिसतंच.

तवारिस : कुणाला दिसतं? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि हा तर कोच.

लेलँड : बघितलंय ते. आमचा कोल्बी आहे ना, सहा फूट दहा इंचाचा. मार्चमध्ये त्याने कॉलेज बदलायच्या पोर्टलवर नाव टाकलं. म्हणजे देशभरातल्या कोचांना दवंडीच की पोरगा मोकळा झाला. आमचे कोच त्याच संध्याकाळी त्याच्या आईच्या दारात. दुसऱ्या दिवशी नाव मागे घेतलं आणि आठवड्याने नवी गाडी आली. मी त्या आठवड्यात रोज सकाळी सहाला जिममध्ये होतो. कोचनी एकदा लांबून हात वर केला, तेवढंच.

तवारिस : म्हणजे राग त्याचा आहे, आणि कोरडं सँडविच मी खातोय.

लेलँड : दोघांचा आहे. तुझा जास्त. काल तू जिममध्ये पाच मिनिटं बॉल टाकलास, तर टॉवेल घड्या करणारी पोरंसुद्धा हातातलं टाकून बघत राहिली. मी चार वर्षं टाकतोय. कुणी मान वर करत नाही. जळतो मी तुझ्यावर. झालं समाधान?

तवारिस : झालं. आता हे सँडविचसुद्धा गोड लागेल. पण जळून करणार काय? तू तर चाललास.

लेलँड : कुठे चाललो?

तवारिस : सुटलास ना इथून. कोच म्हणाले, गार्डच्या जागेवर खेळणारा आमचा पोरगा यंदा जातोय, त्याची जागा तुझी. जर्सीचा अकरा नंबरही मोकळा होतोय, हवा असला तर घे म्हणाले.

लेलँड : अकरा माझा आहे.

तवारिस : तेच तर म्हणतोय. थांब, तुला माहीत नाही?

लेलँड : खेळायला चार वर्षं मिळतात, त्यात गुडघ्याचं वर्ष धरत नाहीत. माझं एक वर्ष खेळायचं शिल्लक आहे. कोचना ठाऊक आहे ते.

तवारिस : राहणार आहेस असं सांगितलंस त्यांना?

लेलँड : त्यात सांगायचं काय? मी दुसरीकडे जाणार कुठे?

तवारिस : बरं, एवढंच सांग. घरच्या शेवटच्या सामन्याआधी जाणाऱ्या पोरांच्या निरोपाचा कार्यक्रम असतो ना, आईबापांना घेऊन मैदानावर चालायचा. त्यात चाललास तू?

लेलँड : चाललो. माझ्याबरोबर आलेले तिघं चालत होते, मी एकटा बाकावर बसून टाळ्या वाजवू का? आणि आईला कुणीतरी सांगितलं होतं, यंदा तुमच्या मुलाचा मान आहे. ती नेब्रास्काहून सहा तास गाडी चालवत आली, नवा कोट घालून. तिला मी नाही म्हणू?

तवारिस : फुलं दिली?

लेलँड : आईला दिली. मला चौकटीत बसवलेली जर्सी.

तवारिस : अरे वेड्या. काचेखाली गेलेली जर्सी घरी नेलीस आणि म्हणतोस पुन्हा घालणार. माझ्या पहिल्या कॉलेजात एकाने हेच केलं होतं. पण तो निदान दुसऱ्या दिवशी कोचच्या केबिनसमोर जाऊन उभा राहिला, की बाबांनो, मी आहे अजून.

लेलँड : कोचना ठाऊक आहे. धांदलीत विसरले असतील.

तवारिस : मग विचार. माझ्यासमोर विचार. उद्या सकाळी दहाला सही करायचीय मला. कुणाच्या ताटात बसतोय ते कळू दे.

(लेलँड फोन लावतो, स्पीकर चालू करून मीठ-मिरीच्या बाटल्यांमध्ये ठेवतो.)

कोच मेरिल : बोल बाळा. पाहुणा खूश आहे ना? स्टेक कसा काय?

लेलँड : बरा आहे. तवारिस इथेच आहे, ऐकतोय. कोच, एक विचारायचं होतं. पुढच्या हंगामात मी कुठे आहे?

कोच मेरिल : कुठे म्हणजे?

लेलँड : माझं एक वर्ष शिल्लक आहे. गुडघ्याच्या वर्षाचा अर्ज तुमच्याच सहीने गेला होता.

कोच मेरिल : गेला होता. खरं आहे. पण बाळा, तू आईला घेऊन चाललास ना त्या दिवशी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मला वाटलं, पोराने ठरवलं.

लेलँड : तुम्ही विचारलं नाहीत.

कोच मेरिल : तू तरी कुठे आलास? एकेक जण समोर येऊन बसला, मला एवढे द्या नाहीतर निघालो. तू आला नाहीस. मी म्हटलं, हा मनाने मोकळा झाला.

लेलँड : मी रोज सहाला जिममध्ये होतो, कोच.

कोच मेरिल : मला वाटलं सवय आहे तुला.

लेलँड : मग आता?

कोच मेरिल : पंधरा जागा. चौदा भरल्या, पंधरावा तुझ्यासमोर जेवतोय. पैसे तर केव्हाच वाटून झाले. पण तू कुठे जाऊ नकोस. वर्षभर माझ्या बाजूला बस, मदतनीस म्हणून. आपले डाव तुझ्याइतके कुणाला पाठ आहेत? तवारिसला तूच शिकव. आपलं घर आहे हे, लेलँड. घरात मानपान नसतो.

लेलँड : हं.

कोच मेरिल : सावकाश विचार कर. आणि काय रे, काल त्याचा खेळ बघितलास ना? तो ऐकत असला तरी सांग. या बाबतीत मी तुझ्या शब्दाबाहेर नाही.

लेलँड : डावीकडे निघताना बॉल जरा उंच उडवतो. हात घालता येतो मध्ये.

कोच मेरिल : आणि बाकी?

लेलँड : बाकी चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे, कोच. घ्या त्याला.

कोच मेरिल : शाब्बास. हेच आवडतं मला तुझं. उद्या दहाला वेळेवर आण त्याला. ठेवतो.

तवारिस : ठेवला?

लेलँड : ठेवला.

तवारिस : कच्चा आहे म्हणायचंस. उर्मट आहे म्हणायचंस. ते तुझ्या शब्दाबाहेर नव्हते.

लेलँड : सकाळपासून तेच ठरवलं होतं. काय काय सांगायचं ते गाडी धुताना पाठ केलं. ऐन वेळी तोंडातून निघालंच नाही.

तवारिस : मी उद्या सही केलीच नाही तर?

लेलँड : तर गुरुवारी दुसरा येईल. आणि तो तुझ्याएवढा चांगला नसला तर मला जास्त झोंबेल.

तवारिस : मग शुक्रवारच्या आत पोर्टलवर नाव टाक. शुक्रवारी बंद होतंय.

लेलँड : आणि बाबांना काय सांगू? मी पण दवंडी पिटली म्हणून?

तवारिस : सांग की काम दिसत नव्हतं, म्हणून हात वर केला. हे बघ, अलाबामातल्या माझ्या जुन्या कॉलेजात माझी जागा रिकामी आहे. मी सोडल्यापासून ते गार्ड शोधतायत. सकाळी तिथल्या कोचनी मलाच फोन केला, कुणी माहितीतला आहे का म्हणून. लाज त्यांनाही नाही आणि मलाही नाही. पैसे बरे देतात. फक्त मागावे लागतात, तोंड उघडून.

लेलँड : तुझ्या उष्ट्या जागेवर जाऊ मी?

तवारिस : मी तुझ्या उष्ट्या जागेवर बसतोच आहे की. नाव सांगू का त्यांना तुझं?

लेलँड : डावा हात चांगला आहे म्हणून सांग.

तवारिस : सांगतो. आणखी काही?

लेलँड : एक वर्ष शिल्लक आहे, हे आधी सांग.

तवारिस : सगळ्यात आधी सांगतो.

लेलँड : तिथे पाहुण्यांना कोण फिरवतं?

तवारिस : मागच्या महिन्यापर्यंत मीच फिरवत होतो.

लेलँड : मग बोल ना. काय सांगायचास त्यांना?

तवारिस : हवा छान आहे. माणसं प्रेमळ आहेत. आणि कोच अगदी वडिलांसारखे.