पण चोचीत काय आहे?

...आणि वर विद्यापीठातले मलाच म्हणतात, "काकू, तुम्ही पक्ष्याकडे बघूच नका, प्रतीकाकडे बघा!" अहो, पक्ष्याकडे न बघता पक्षी भरू कसा मी? रेशीम ओवलेलं, कापड ताणलेलं, आणि चोचीशी येऊन सुई अडलेली!

तुम्हाला सांगते, लेक दोनदा नापास झाली ना, तेव्हा मी देवापुढे हात जोडून बोलून गेले, "देवा, हिला एकदा पास कर. हिच्या विद्यापीठाचं बोधचिन्ह मी स्वतःच्या हातानं भरीन, जसं आहे तस्संच, आणि पदव्या वाटतात त्या टेबलावर ते कापड अंथरेपर्यंत चहाला शिवणार नाही." चहा! दुसरं काही सुचू नये मला? हे म्हणाले, "अगं, नावडती भाजी सोडायचीस एखादी!" पण देवाला का नावडतं द्यायचं?

लेक पास झाली. देवानं त्याचं काम चोख केलं. विद्यापीठानंही "अंथरू की, आनंदानं" म्हणून कळवलं. उरलं माझं. दिवा भरला, पुस्तक भरलं, पक्ष्याचे पंख भरले, आणि चोचीत बघते तर काहीतरी आहे! काडी म्हणा, किडा म्हणा... गुणपत्रिकेवर ते चिन्ह नखाएवढं. लेकीनं फोनवर मोठं करून दाखवलं, तर नुसते चौकोनच चौकोन. म्हणाली, "आई, घाल ना दोन टाके कसेही, कोण बघतंय?" कोण बघतंय म्हणे! ज्याला शब्द दिलाय तो बघतोय ना!

म्हणून गेले विद्यापीठात. मुख्य कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "किल्ली आहे ती, बाई. ज्ञानाचं कुलूप उघडणारी." मी म्हटलं, दात कुठे आहेत किल्लीला? तर म्हणाले, "दात अध्याहृत आहेत." आता अध्याहृत दात कुठल्या रंगात भरायचे?

भाषेचे प्राध्यापक तर डोळे मिटूनच बोलायला लागले. "लेखणी! ताई, पक्षी म्हणजे मुक्त मन, पंख म्हणजे कल्पना, दिवा म्हणजे..." मी म्हटलं, ते सगळं खरं हो, पण चोचीत काय आहे? "सांगतोय ना, दिवा म्हणजे..." आणि समोर त्यांचा चहा वाफाळतोय! मी पदराखाली मुठी आवळून बसलेली. प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "अळी. चिकाटीचं फळ." तत्त्वज्ञानवाले म्हणाले, "किरण." अहो, ते सगळं खरं हो, पण चोचीत काय आहे? किल्ली, लेखणी, अळी, किरण... एवढं सगळं चोचीत धरून तो बिचारा उडतो तरी कसा?

शेवटी म्हटलं, विद्यापीठाच्या फाटकावरच्या कमानीत मूळ दगडी चिन्ह आहे, ज्यावरून कागदावरचं काढलंय, तेच डोळ्यांनी बघू. रंगाऱ्याची शिडी मागून घेतली, ह्यांना खाली धरायला लावलं, आणि देवाचं नाव घेत चढले. खालून ह्यांचं चालूच, "अगं, पाय सांभाळ! दिसलं का? काय आहे चोचीत?"

काय असणार? चोचच नाही!

अहो, दगडाची चोच कधीची तुटून पडलीय, आणि आतली लोखंडी सळई तेवढी बाहेर आलीय! गंजलेली! सगळे जण त्या सळईचा अर्थ सांगत होते मला! हसू का रडू?

आणि आता "जसं आहे तस्सं" म्हटलेलं. सळई भरू? लेकीच्या पदवीखाली गंज भरू? घरी येऊन देवापुढे बसले. म्हटलं, "देवा, तू पक्षी घडवलास तो चोचीसकट ना? मग जसं आहे तसं म्हणजे तू केलंस तसं. चालेल?" देव काही बोलला नाही. म्हणजे चालेल. भरली चोच. छान, मिटलेली.

तर पदव्यांच्या दिवशी कापड अंथरलं. लेकीनं पदवी हातात घेतली, लांबूनच मला दाखवली, माझे डोळे भरून आले. नवस फिटला! बाहेर ह्यांनी चहाचा कप भरून ठेवलेला, मी उठतेय तोच कुलगुरू कापडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही मिटलेली चोच पाहिलीत? हे मौनाचं प्रतीक! खरा ज्ञानी कमी बोलतो!" आणि मग कमी बोलण्याबद्दल जे बोलायला लागले... बोलतायत, बोलतायत, आणि माझंच कापड, मधेच उठून जाणार तरी कशी?

प्यायले हो शेवटी. गार. वर साय धरलेली.