लाल झाकण, निळं झाकण

(रविवार सकाळ, चिक्कडपल्लीतलं घर. आई आणि मुलगा.)

संदेश : आई, दोन महिने झाले. आता ते चिठ्ठीचं बंद पाकीट दे. कुठल्या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये ती बीपीची पूड आणि कुठल्या बाटलीत नुसतं पीठ, बघू.

पद्मावती : देते की. आधी चहा घे.

संदेश : तीनदा झाला. अगं, निकाल मला माहीतच आहे. लाल झाकणाच्या महिन्यात बीपी सरासरी नऊनं कमी. म्हणजे पूड लालमध्ये. पाकीट फक्त खात्रीसाठी.

पद्मावती : खात्री नव्हती, तर लोकांना सांगत का फिरलास?

संदेश : लोकांना कुठं? मित्रांत एकट्या उदयला. त्यानं पंधरा दिवसांपूर्वी बीपीची गोळी सोडून तीच पूड सुरू केली.

पद्मावती : गोळी सोडली? अय्यो! हे मला आज सांगतोस?

संदेश : तुला काय झालं? दे बरं ते. ‘लाल – जवारी. निळी – जवारी.’ आई, हे काय?

पद्मावती : दोन्हींत जवारीचंच पीठ भरलं, बाबा. तुझी पूड डब्यात तशीच आहे.

संदेश : कुठली कॅप्सूल कशाची, हे मला कळू नये म्हणून तुला भरायला दिल्या होत्या. एवढंच तर काम होतं!

पद्मावती : हौ, चुकलं माझं. पण तुझे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. कुठून तरी मागवलेली पूड माझ्या हातानं तुला भरून देऊ? हात धजला नाही.

संदेश : पण फरक खरा आहे. रोज सकाळी सहाला, तीन-तीनदा मोजलंय. पिठापिठात नऊचा फरक कसा पडेल?

पद्मावती : निळ्या बाटलीच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध होतं. झोप कुठं होती तुला? धड जेवत तरी होतास का? लिहिलंस वहीत?

संदेश : … नाही. तसा रकानाच नव्हता.

पद्मावती : उदयला फोन लाव. माझं नाव सांग.

संदेश : तुझं कशाला? पाकीट न उघडता बोललो मी. … हॅलो, उदय?

उदय : बोला शास्त्रज्ञ! पूड संपत आलीय. आणखी मागवू?

संदेश : बीपी किती आहे तुझं?

उदय : वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर. डोकं जरा जड आहे. पण तूच म्हणालास ना, तिसऱ्या आठवड्यात उतरेल? म्हणून थांबलोय.

संदेश : थांबू नकोस. मी निघालोच, दवाखान्यात जाऊ. उदय, ती पूड मी एकदाही खाल्लेली नाही.