तीनशे बारा मतांनी सुटलेली नोकरी

नाही, मला एक सांगा, तीनशे बारा माणसं एकदम चुकतील का हो? एवढ्या लोकांनी 'सोड' म्हटलं म्हणून मी नोकरी सोडली, आणि आता आई म्हणते, "तीनशे जणांना विचारलंस, घरात आम्ही दोघंच होतो, आम्हाला विचारायला काय तोंड दुखत होतं?"

तुम्हाला सांगते, नोकरी वाईट नव्हती. कवळ्या बनवते मी... हसू नका! दवाखान्यातून साचा येतो, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा. आजोबांना चावता आलं पाहिजे, आजींना फोटोत हसता आलं पाहिजे! माझा हात चांगला आहे असं बाईसुद्धा म्हणतात, बाई म्हणजे आमच्या मालकीण, ज्या कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. पण मोबाईल उघडला की काय दिसतं? हिने राजीनामा दिला, चालली डोंगरावर. त्याने राजीनामा दिला, नाचतोय जिन्यात! आणि मी? तोंडाला मास्क, नखांत प्लास्टर... म्हणून मीही मोबाईलवर टाकलं सगळ्यांना विचारून, 'सोडू का नोकरी? होय की नाही?' 'नाही' म्हणणारे निघाले नऊ, त्यांना मी जळके ठरवलं. 'होय'वाले तीनशे बारा! सगळ्यांत पुढे चिमणी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. "अगं सोड बिनधास्त! मी असते तर कधीच सोडली असती!"

मग काय, बाईंच्या टेबलावर मोबाईल उभा केला, कॅमेरा चालू, आणि हसत हसत राजीनामा! बाई एवढंच म्हणाल्या, "महिनाभराची नोटीस. आता तो जबडा पूर्ण कर." व्हिडिओ किती जणांनी पाहिला? एक्केचाळीस! बाकीचे दोनशे एकाहत्तर कुठे मेले?

आठव्या दिवशी घाबरगुंडी उडाली. दुसरीकडे कुठेच जागा नाही, आणि मला दुसरं येतंय काय? बाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "बाई, चुकले, ठेवून घ्या!" त्या म्हणाल्या, "आधी नाही का बोलायचं? कालच एका मुलीला घेतलं. तुझा व्हिडिओ पाहून तिने स्वतःहून फोन केला." आणि दारातून आत कोण आलं? चिमणी! नवाकोरा अ‍ॅप्रन घालून! "रागावू नकोस गं, तू सोडतच होतीस ना?" तीनशे बारा माणसं चुकतील का हो... एकजण तर अजिबात चुकली नाही! रडू आलं मला, खरंच आलं, मास्कमुळे दिसलं नाही एवढंच.

वर बाईंचा हुकूम, जायच्या आधी तिला सगळं काम तूच शिकव! शिकवतेय. मेण किती तापवायचं, दाढ कुठे टेकवायची... मनात म्हणते, चुकू दे हिचं, एकदा तरी चुकू दे! पण कसलं काय... तुम्हाला सांगते, इतका छान हात आहे हो मेलीचा!