वर्षाच्या आतलं लगीन

मंद्रूपच्या खालच्या अंगाला, भीमेकडं जाताना एक बारकं गाव लागतं, मी तितला. धोंडिबा म्हनून इचारलं तर कुनीबी घर दावंल. बाप सालगडी हुता, आजा सालगडी हुता, मी बी त्येच केलं. साल म्हंजे कसं, पाडव्याला मालकासंगं बोली व्हायची, वर्साचा पगार आन् ज्वारीची पोती, मंग पुढच्या पाडव्यापतुर त्यो हाक मारंल तवा उबं ऱ्हायाचं, रात न्हाय दीस न्हाय. शाळा म्हनाल तर दुसरीपतुर, आन् तितं बी मास्तर मला त्येची म्हस राखाया लावायचा. सही येती मला, पन दोनदा केली तर दोन तऱ्हेची हुती.

बायकू नदीच्या पल्याडची, कानडी मुलखातली. इंदू. लगीन हून आली तवा तिला मराठी येत नव्हतं आन् मला कानडी आर्धीमुर्दी, मंग पैलं वर्स आमी खुनेनंच संसार केला म्हना की. पुढं मराठी शिकली, पन राग आला की कानडीच. शिवी दिली का आशीर्वाद दिला ते मला शेवटपतुर कळलं न्हाय. आता कुनी शिव्या बी देत न्हाय. घर कसं लई गप झालंय बगा, शेरडं वरडली तर तेवडीच.

पोरगा एकच, महादेव. टेंपूवर जायाचा. समी चौथीत हुती तवा टेंपू उलटला आन् त्यो गेला. त्ये मी सांगत न्हाय, त्ये इचारू नका. मागं ऱ्हायली सून सुनीता आन् नात समीक्षा, आमी समीच म्हंतो. सुनीता गरीब पोरगी, माज्याम्होरं कदी मान वर केली न्हाय, काय लागलं तर सासूच्या कानात सांगायची आन् सासू मला. सासूसून दोगी द्राक्षाच्या बागंत रोजानं जायाच्या. आन् दोगी गेल्या की शेरडं कुनी बगायची, पानी कुनी भरायचं, तर समीनं. मी मालकाच्या दावनीला. म्हंजे पोरगी आठवड्यातनं दोन दीस शाळंत आन् बाकीचं शेरडामागं. मास्तरीनबाई घरी येऊन गेल्या, म्हनल्या पोरगी हुशार हाय. म्या म्हनलं बाई हुशार हाय त्ये मला बी ठावं हाय, पन शेरडं काय हुशारीवर चरत न्हाईत.

मंग ती संस्थेची म्याडम आली. नाव न्हाय सांगत, लोकं मागं लागत्यात त्येंच्या. बाप नसलेल्या पोरांच्या घराला म्हैन्याच्या म्हैन्याला पैसं, थेट खात्यावर. सुनीताच्या आधारवर अजून माहेरचंच नाव हुतं, म्हनून इंदूचं खातं दिलं. गावात लगीच सुरू झालं की. कुनी म्हनलं तुमची मतं घेत्याल, कुनी म्हनलं पोरगीच उचलून नेत्याल. म्या तोंडावरच इचारलं, म्याडम, ह्येच्या बदल्यात आमी काय करायचं? ती म्हनली काय न्हाय बाबा. म्या म्हनलं काय न्हाय म्हंजे काय? ती हसाया लागली. पोरगी शाळंत जाऊ दे, पैसा कशाला लावायचा त्ये तुमचं तुमी ठरवा, आमी हिशेब मागनार न्हाय, म्हनली. मला काय झोप लागली न्हाय त्या दिशी. जल्मभर जो पैसा बगितला त्येच्या मागं एक शिवी तरी हुतीच. बिनशिवीचा पैसा कसा असतोय, त्येच कळंना.

आन् इंदूनं त्येचं काय केलं म्हनता? तुमाला वाटंल वह्या घेतल्या, दप्तर घेतलं. त्ये घेतलं की, पन त्ये नंतर. आदी तिनं रोजाला जायाचंच बंद केलं. तिचा रोज जेवडा बुडायचा तेवडं खात्यावर यायचं, मंग शेरडं तिनं घेतली, पानी तिनं घेतलं, आन् समीला म्हनली जा आता, तुला काय निमित्त न्हाय. त्ये पैसं असं तिनं सोताचा दीस इकत घ्यायला लावलं. लोकांच्या डोळ्यात आलं त्ये. हापशावर एक बाई म्हनली, काय इंदूबाई, शाळंचं पैसं घेऊन पेन्शनीत निगालीस व्हय? ही म्हनली व्हय, तुजं बी नाव घालू का, आदी ल्योक मरूं दे तुजा. ती बाई घागर तितंच ठिवून गेली.

आटवीपासनं शाळा मंद्रूपात. गावातनं वडापची जीप जाती, तिचं भाडं त्या पैशातनं. पायतान, डबा, पोरी मोठ्या झाल्या की बायकांचं काय काय लागतंय, त्ये समदं. आदी पोरी त्या चार दिसांत घरीच बसायच्या, आमची बसली न्हाय. मी म्हातारा मानूस, असलं बोलू न्हाई, पन खरं हाय त्ये खरं हाय.

दहावीला गेली पोरगी आन् इंदूचं पाय सुजाया लागलं. चार पावलं चालली की दम. मंद्रूपच्या डाक्टरनं बगितलं, म्हनला सोलापूरला न्या, तपासन्या कराया लागत्याल. म्या म्हनलं खात्यावर हाईत की पैसं, काडू. तर म्हनली, त्ये पोरीचं हाईत. म्या म्हनलं ती म्याडम म्हनली न्हवं काय, कशालाबी लावा? म्हनली, ती म्हनली, म्या न्हाय म्हनले. आन् कानडीत बोलाया लागली. पोरीचं पेपर हू दे, मंग जाऊ सोलापूरला, हेवडं मराठीत सांगितलं.

श्रावनात, नागपंचमी झाल्यावर, सोप्यात बसून ज्वारी निवडत हुती, तितंच कलंडली. सूप मांडीवरच. जीपवाल्यानं समीला वर्गातनं आनली. पोरीनं मला बगितलं आन् आज्जीला बगितलं आन् तिच्या हातातल्या ज्वारीचं दानं सोडवाया लागली. मूठ घट्ट झाल्याली. म्या म्हनलं ऱ्हाऊ दे गं, तशीच ऱ्हाऊ दे.

दहाव्याला म्याडम आली. रडली बी. मंग म्हनली बाबा, आज्जींनी दवाखान्याला का न्हाय वापरलं, त्येंचंच हुतं की त्ये. मला आसा राग आला, काय सांगू तुमाला. म्याडमचा न्हाय. आमचाच. ज्येनं पैसं दिलं त्येनं दावं बांदलं नव्हतं, आमीच बांदलं. दाव्याबिगर काय आसतंय त्ये आमाला ठावंच नव्हतं.

आन् आता ऐका, खरं हितनं म्होरं हाय. तेराव्याचं जेवान झालं, लोकं पांगली, आन् माजी थोरली भन, आक्का, भिताडाला टेकून बसली आन् म्हनली, धोंडबा, घरातलं वडीलधारं मानूस गेलंय, वर्साच्या आत समीचं उरकाया पायजे. तुमच्याकडं हाय का न्हाय ठावं न्हाय, आमच्यात कसं, घरात म्हातारं मानूस गेलं की लगीन वर्साच्या आत करायचं, त्येचं पुन्य गेलेल्याला लागतंय. आन् वर्स उलटलं तर मंग तीन वर्सं त्या घरात मंगलकार्य करायचं न्हाय. समदी पाळत्यात. आक्का म्हनली तीन वर्सं पोरगी घरात ठिवून काय करनार, आन् म्हातारी गेली, तिचं खातं बी बंद, आता शाळंचं पैसं कोन देनार? ह्ये बी खरंच हुतं. बँकंनं खातं थांबिवलं हुतं, आन् सुनीताच्या आधारवरचं नाव बदलंस्तवर पैसं येनार नव्हतं. सुनीता चुलीपशी बसल्याली, तोंडाला पदर. समी भांडी घासत हुती. भांड्याचा आवाज बंद झाला.

म्हंजे बगा, ज्या पोरीच्या शाळंसाटी बाई दवाखान्यात गेली न्हाय, त्या बाईच्याच मरनाच्या निमित्तानं पोरगी शाळंतनं निगनार हुती. म्या आक्काला म्हनलं बगू.

आन् वर्सभर मी बगूच म्हनलो. पैसं थांबलं तवा मी बागंत पाखरं राखाया बसलो, डबा बडवत, ह्या वयात. सुनीता आधारसाटी मंद्रूपला खेपा घालत हुती. तुळशीची लग्नं झाली तशी आक्का अक्कलकोटकडचं एक स्थळ घेऊन आली, टॅक्टरवाला पोरगा. म्या म्हनलं माजं टकुरं जाग्यावर न्हाय, ज्वारी निगू दे. पौषात कुनी करत न्हाय, त्यो म्हैना फुकट गेला. माघात आली, म्या म्हनलं परीक्षा तोंडावर आलीया, नापास हू दे, मंग मीच नारळ घेऊन येतो. आक्का म्हनली, नापास व्हायाची वाट बगायची व्हय रे? म्या म्हनलं तुला घाई हाय तर तूच बग. ती काय कच्ची न्हाय, तिनं त्ये लक्षात ठिवलं. तोवर सुनीताच्या नावाचं खातं झालं, पैसं सुरू झालं, मागलं बी आलं. पैल्या दिशी ती बँकंतनं आली आन् पैसं माज्याम्होरं ठिवलं. म्या म्हनलं मला कशाला, तुज्या नावावर आलंय, तूच बग. तिनं माज्याकडं बगितलं. इतक्या वर्सांत पैल्यांदा नीट बगितलं.

वैशाखात, निकाल लागायच्या आदीच, आक्का पावनं घेऊन दारात उबी. पोरगा, त्येचा बाप, मामा, हातात साडी आन् नारळ. मला इचारलं बी न्हाय. आता दारात आलेल्याला बसा म्हनावंच लागतंय. पोराचा बाप बसला ऐसपैस आन् म्हनला, धोंडिबा, आमाला हुंडा नको, काय नको, नेसत्या लुगड्यावर पोरगी द्या. म्या म्हनलं पाव्हनं, ती अजून लुगडं नेसत न्हाय, शाळंचा डरेस घालती. तर पोराचा मामा म्हनला, शिकवून कलेक्टर करायचीया का? आन् समदी हसली.

तवा सुनीता चहा घेऊन बाहीर आली. समद्यास्नी दिला. आन् पदर नीट केला आन् उबीच ऱ्हायली, बसली न्हाय, आत बी गेली न्हाय. म्हनली, चहा घ्या बिगीबिगी, शेवटची यष्टी सहाची हाय. चुकली तर हितंच ऱ्हावं लागंल, आन् आमच्यात हातरूनं न्हाईत. आक्का म्हनली सुने, मोटी मानसं बोलत्यात. ती म्हनली, बोलू द्या की आत्या, मी यष्टीचं सांगितलं. पोरगी माजी सोळा वर्साची हाय, ती अकरावीला जानार हाय, तिचा खर्च माज्या खात्यावर येतोय. कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा, मामंजींना तरास देऊ नका, त्येंचं टकुरं जाग्यावर न्हाय.

मला हसू बी आलं आन् रडू बी. माजंच बोलनं माज्या अंगावर घातलं की पोरीनं.

पावनं गेलं. यष्टी घावली त्येस्नी. आक्का मातर मागं थांबली, म्हनली धोंडबा, मेल्यालीचं पुन्य बुडिवलंस, माज्या मयताला येऊ नगं. म्या म्हनलं बरं. मला पाठीवर घेऊन फिरवल्याली भन हाय ती, लानपनी मला ताप आला तर मांडीवर घेऊन बसायची. बरं म्हनलो मी, दुसरं काय म्हनू.

समी पास झाली. अकरावीला सोलापूरला जाती आता, सकाळची यष्टी, यायला दिवेलागन. मंग आषाढ आला, त्यात कुनी लगीन करत न्हाय, आन् श्रावनात इंदूचं वर्सश्राद्ध घातलं. आक्का आली न्हाय. जेवून जाताना भावकीतला एकजन म्हनला, धोंडबा, आता तीन वर्सं तुज्या घरात कार्य न्हाय. म्या म्हनलं व्हय बाबा, न्हाय. हात धुवाया म्हनून परड्यात गेलो आन् तितं मातर लई रडलो. तीन वर्सानं समी एकोनीसची व्हईल. तोपतुर कुनी दारात नारळ घेऊन येनार न्हाय, रीतच हाय तशी, आक्का बी आनू शकत न्हाय. इंदू मेली आन् दारात आडवी झाली म्हना.

पन ह्यात एक हाय. मला आता लई जगावं वाटत न्हाय. खरं सांगतो, लाज कसली. भाकरी ग्वाड लागत न्हाय, सकाळी उटून कुनासाटी खाकरायचं असं वाटतंय. तिच्याकडं गेलो तर बरं. पन मी मेलो की मंग माजं वर्स सुरू, पुन्ना वर्साच्या आतलं निगंल, पुन्ना कुनीतरी भिताडाला टेकून बसंल आन् म्हनंल म्हाताऱ्याचं पुन्य. सुनीता एकली किती जनांना यष्टीची येळ सांगंल?

म्हनून म्हैन्यातनं एकदा दवाखान्यात जातो. रगात दाबाच्या गोळ्या हाईत, सकाळी एक, सांजला एक. त्येचं पैसं समीच्या पैशातनंच काडाया सांगितलं सुनीताला. ती जरा बिचकली, म्हनली मामंजी, त्ये समीचं हाईत. म्या म्हनलं व्हय, समीचंच हाईत, काड.

ज्येनं कुनी पैसं धाडलं त्येचं भलं हू दे. मी त्येला बगितलं न्हाय, त्येनं मला बगितलं न्हाय, पन त्येच्या घरातली म्हातारी मानसं लई जगू दे. मला बी आजून तीन वर्सं काडायचीत.