श्वास सोडा, मास्तर!

...नाही, पण डॉक्टरनं शिंप्याशी असं बोलावं का? तुम्हीच सांगा! तीस वर्षं मापं घेतोय मी. कमरेला टेप लागली रे लागली की माणूस पोट आत ओढतो. मी म्हणतो, ‘श्वास सोडा साहेब, माप खरं द्या.’ नाहीतर काय, पँट शिवून होते, साहेब जेवायला बसतात आणि बटण उडतं! दोष कुणाला? शिंप्याला!

तर तुम्हाला सांगतो, मागच्या वर्षी मला शुगर निघाली. डॉक्टर आमचंच गिऱ्हाईक... पोट आत ओढणाऱ्यांत पहिला नंबर! म्हणाले, ‘मास्तर, अर्धं ताट भाजी. उरलेल्यात निम्मा भात, निम्मी डाळ नाहीतर अंडी. ज्यूस बंद.’ म्हटलं, ‘अहो, फळाचाच तर असतो!’ ‘मग फळ चावून खा.’ झालं! आता मी काय केलं... हसू नका हं... दर तपासणीच्या आधी तीन दिवस नुसती काकडी आणि कोबी! रिपोर्ट झकास. तिथून निघायचं ते थेट बेकरीत. बायको म्हणायची, ‘अहो, चार पाव? आणि वर जॅम?’ मी म्हणायचो, ‘रिपोर्ट बघ, रिपोर्ट!’

मग एके दिवशी सुईत दोरा जाईना. आधी सुईला शिव्या दिल्या, मग दोऱ्याला, मग दिव्याला. बायकोनं सुई घेतली, दोरा ओवला, माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. घाबरलो मी. खरंच घाबरलो. नजर गेली तर शिंप्यानं करायचं काय?

तरी खोड जाते का? पुन्हा तीन दिवस काकडी खाऊन गेलो. तर डॉक्टर म्हणतात, ‘या वेळी वेगळी तपासणी केलीय. मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते.’ तीन महिन्यांची! रक्त इतकं चुगलखोर असतं? एकेक पाव कागदावर हजर! डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणतात कसे... ‘श्वास सोडा, मास्तर. माप खरं द्या.’

सोडला! काय करणार? डोळे तपासले, थोडक्यात वाचलो. साखर उतरली तशी नजरही निवळली. आता रोज अर्धं ताट भाजी, आणि दोरा माझा मी ओवतो.

परवा डॉक्टर आले पँट शिवायला. टेप लागली... गेलं पोट आत! मी म्हटलं, ‘साहेब, श्वास...’ तर हळूच म्हणतात, ‘मास्तर, तीन दिवस थांबता का? काकडी खाऊन येतो.’

घ्या! टेप गळ्यात अडकवली आणि बसलो आपला कोबी चावत.