बांधाची पाळी

(बाळकुम, ठाण्याच्या खाडीकाठचा पाडा. ठमाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. तिचा भाचा पंढरी खाली अंगणात उभा. उन्हं कलली आहेत.)

ठमाबाई : ओटीवर चढू नको, पंढरी. तिथंच उभा रा.

पंढरी : चढत नाय, आते. वाळीतल्या मानसानं कुठं उभं राहावं ते मना कळतं. तू फक्त हो म्हन, मी आल्या पावली जातो.

ठमाबाई : कशाला हो म्हनू?

पंढरी : आता काय नवीन सांगू? उद्या माझ्या जयाचं लगीन. शिळ गावाकडनं वऱ्हाड येनार. गानी म्हनून लगीन लावनारी या पाड्याची धवलारीन तू. तू धवला गायलीस तर लगीन लागनार, नाय तर वऱ्हाड मांडवात बसून एकमेकांची तोंडं बघनार.

ठमाबाई : ठान्यातनं भट आन. हल्ली आनतात लोकं.

पंढरी : जयाची आयस पन तेच म्हनाली. मी म्हटलं, बाई गं, आपल्या घरातलं एक तरी लगीन भटानं लावलंय का? आपलं आतेनं लावलं. माझ्या बापसाचं तिच्या सासूनं लावलं. आनि शिळेची मानसं काय खुळी हायेत? धवलारीन दिसली नाय की विचारतील, हिच्या घरी पाडा का येत नाय? त्यांना आपलं वाळीतपन ठाऊक नाय अजून.

ठमाबाई : हळद लागली का पोरीला?

पंढरी : सकाळीच लागली. आयशीनं एकटीनं लावली. दारावरनं बाया पानी भरवाला जात होत्या, एकीनं मान वळवली नाय. ती रंगूबाई, जया जिच्या मांडीवर वाढली, ती पन भिंतीकडं तोंड करून गेली. पोर पिवळी होऊन बसलीय कोपऱ्यात. मी निघालो तवा म्हनाली, आजी येईल ना गानं म्हनवाला? मी हो म्हटलं.

ठमाबाई : कशाला म्हटलंस?

पंढरी : मग काय सांगू तिला?

ठमाबाई : येताना माझं शेत बघितलंस?

पंढरी : बघितलं.

ठमाबाई : काय दिसलं?

पंढरी : आते, राहू दे ना.

ठमाबाई : सांग की.

पंढरी : पांढरं पडलंय सगळं.

ठमाबाई : मिठागर असतं तर मीठ तरी इकलं असतं. ते पन नाय. भात पेरलं ते उभं जळालं. पाड्यात एक शेत राहिलं नाय, पंढरी. खाडी मागं रेटून काढलेली जमीन ही. मूळ मानसांनी बांध घातला आनि घरटी पाळी लावली. अमावस-पुनवेचं उधान यायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या शेताम्होरचा बांध चिखलानं लिंपायचा. एकानं चुकवली की पानी सगळ्यांच्या शेतात. म्हनून कोनी चुकवली नाय. तापानं फनफनलेला मानूस पन पाटी घेऊन जायचा. तुझा बापूस गेला तवा तू पाळन्यात होतास. तुझ्या घरची पाळी कोनी केली?

पंढरी : भिवाच्या बापसानं.

ठमाबाई : आनि तू काय केलंस?

पंढरी : जमीन इकली. माझ्या पोराला, उत्तमला, कारखान्यात कायमचा घेतो म्हनाला कारखान्याचा साहेब, म्हनून इकली. पन पाळी सोडली नव्हती, आते. देवीशपथ सांगतो. शेतात उभं राहून साहेबाला सांगितलं, या जमिनीबरोबर बांधाची पाळी येते हां. तो हो हो म्हनाला. माझ्या पाठीवर हात ठेवला. मना वाटलं, समजलं त्याला. जमीन ज्याची पाळी त्याची, हे काय फोड करून सांगावं लागतं? आपल्यातलं शेंबडं पोर पन सांगंल.

ठमाबाई : तो आपल्यातला नव्हता.

पंढरी : नव्हता. ते उधान आत घुसलं तवा कळलं. मग मी गेलो ना बांधावर. मी नि जयाची आयस, दोघं चिखलाच्या पाट्या घेऊन गेलो. रखवालदारानं हाकललं. म्हनाला, ही जागा साहेबाची, परत दिसलात तर चोर म्हनून धरून देईन. माझ्याच बापसाच्या बांधावर. उत्तमला पन चार महिन्यांत काढला. काय राहिलं माझ्याकडं? ही एक पोर राहिली. तिला या खाऱ्या पान्यातनं बाहेर जाऊ दे, मग मना गावदेवीच्या देवळाम्होरं गाडून टाका.

ठमाबाई : हळू बोल. भिवा येतोय.

पंढरी : येऊ दे की. पंचांच्या पायावर पन पडतो. भिवादादा, बरा आलास.

भिवा : तू इथं हायेस ते कळलं, म्हनून आलो.

पंढरी : आतेला उद्याची मोकळीक दे. एकच दिवस. मग पुन्हा वाळीत टाक.

भिवा : कोनी कोनाला वाळीत टाकलेलं नाय. सरकारनं कायदा केलाय, तसं टाकता येत नाय. आम्ही फक्त तुझ्याकडं येत नाय.

पंढरी : आनि त्या कारखान्यात जाता ते? तुझा मधु रोज त्याच फाटकातनं आत जातो. माझ्या शेतावर उभं फाटक ते.

भिवा : घरचं शेत खाऱ्यानं मेलं, मग जाईल कुठं? हौसेनं जातो का तो? बाय, तू याला अजून सांगितलं नाय?

ठमाबाई : नाय.

पंढरी : काय सांगितलं नाय?

भिवा : बाय, सांग.

ठमाबाई : तूच सांग. मना नाय जमायचं.

भिवा : शिळेचे व्याही दुपारी येऊन गेले. नवऱ्याचा चुलता नि आनखी दोघं.

पंढरी : माझ्याकडं तर कोनी आलं नाय.

भिवा : लगीनघरी कोन विचारतं? उद्या धवला कोन गानार, हे धवलारनीच्याच दारात विचारून जायची रीत. उत्तमच्या लग्नाला तू पन नवरीकडच्या धवलारनीला असाच विचारून आलायस.

पंढरी : आते, तू काय म्हनालीस त्यांना?

ठमाबाई : काय नाय. पानी दिलं, गूळ दिला. चुलता म्हनाला, उद्या तुम्हीच ना? मी तांदूळ निवडत होते, ते निवडत राहिले.

पंढरी : नुसतं हो म्हनायचं.

ठमाबाई : धवला गाते त्या तोंडानं खोटं बोलायचं नाय. सासूनं गानी मागून शिकवली, हे आधी शिकवलं. मना वाटलं, गप राहिले तर खोटं पन नाय नि खरं पन नाय. पन जुना मानूस तो. सूप माझ्या हातातनं काढून खाली ठेवलंन, माझ्या तोंडाकडं बघितलंन आनि उठला.

पंढरी : मग?

भिवा : वऱ्हाड येनार नाय, पंढरी. पाडा ज्या घरात जात नाय त्या घरची पोर आम्ही कशी न्यावी, म्हनाले. ओरडले नाय, काय नाय. नमस्कार करून गेले.

पंढरी : आनि मी इथं इतका वेळ घसा फोडतोय. आते, तू मना बोलू दिलंस.

ठमाबाई : तू बोलत होतास तोवर लगीन होतं.

पंढरी : भिवादादा, आता तरी हे वाळीतपन उठव रे. पोरीचं वाटोळं झालं, अजून काय पाहिजे पाड्याला?

भिवा : उठवून काय करू? कोनाला बरं वाटलंय असं समजू नको. माझं जेवन गेलं नाय दुपारी. पन पाडा म्हनून आता काय राहिलंय, सांग. साहेबाचा मानूस परवा माझ्या पन दारात आलेला. ते पांढरं पडलेलं शेत घेतो म्हनाला. मी नाय कुठं म्हटलंय त्याला?

पंढरी : मग तुझ्याकडं कोन यायचं बंद होईल?

भिवा : बंद व्हवाला कोन उरंल?

पंढरी : जातो मी. तिला काय सांगू ते पन कळत नाय मना. ती वाट बघत असंल.

ठमाबाई : थांब. हात दे, मना खाली येऊ दे.

पंढरी : भिवादादा बघतोय, आते.

ठमाबाई : बघू दे. हात दे.

पंढरी : आता कशाला येतेस? गानार कोनासाठी?

ठमाबाई : गानं म्हनवाला नाय येत. हळद लावताना नव्हते. ती धुवाला तरी कोनी बाई नको का पोरीजवळ?